मदत हवी आहे : हंटाव्हायरसच्या डीएनए लशीसाठी अख्खा एम तुकडा घेऊ की फक्त जीएन?

पंचगंगाकाठ :
मंडळी, मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतेय. प्रकल्पासाठी हंटान विषाणूविरुद्धच्या (उंदरांकडून माणसाला होणारा एक हंटाव्हायरस) डीएनए लशीचा आराखडा संगणकावर करायला घेतलाय आणि पार अडकलेय. डीएनए लस म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची कृती डीएनएच्या रूपात द्यायची, प्रथिन आपल्याच पेशी बनवतात.

विषय का घेतला ते सांगते. आमचं घर शिरोळ तालुक्यात, चहूबाजूंनी ऊस. २०१९ च्या पुरानंतर उंदीर थेट माळ्यावर चढले होते. शेजारच्या काकांना ताप भरला. लेप्टो, डेंगी, दोन्ही निगेटिव्ह. काका बरे झाले, पण ताप कशाचा ते कळलंच नाही. तो हंटाच होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण लेप्टो (तो जिवाणू, त्यावर डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं) गावात पोराटोरांनाही माहीत आहे, उंदरांच्या विषाणूंचं मात्र कुणी नाव काढत नाही. खरं तर वेल्लोरला १९६४ साली चिचुंद्रीत याच जातकुळीतला थोट्टापलायम विषाणू सापडला होता.

तर अडचण अशी. या विषाणूच्या आरएनएचे तीन तुकडे : एस, एम, एल. सर म्हणतात एस घे, त्यावरचं एन प्रथिन फारसं बदलत नाही. मला एम घ्यावासा वाटतो, कारण बाहेरची जीएन आणि जीसी प्रथिनं त्यावर आहेत. पण तो जनुकीय साखळीच्या साडेतीन हजार अक्षरांच्या आसपास जातो. नुसता जीएन घेतला तर चालेल का?

सूक्ष्मदर्शी :
ताई, एमच घ्या, आणि अख्खा घ्या. एन विषाणूच्या पोटात असतं, त्याविरुद्धची प्रतिपिंडं त्याला पेशीच्या दारात अडवत नाहीत. जीएन-जीसी एकमेकांच्या आधाराने घडी घेतात. ती लांब साखळी पेशी स्वतःच डब्ल्यूएएएसए या (पाच अमिनो आम्लांच्या) खुणेपाशी कापते, तिथे हात लावू नका. कोडॉन (एकेका अमिनो आम्लासाठीचे तीन अक्षरी शब्द) मात्र माणसाच्या पेशीला मानवतील असे करा. अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेने हंटान आणि प्युमाला (दुसरा एक हंटाव्हायरस) यांच्या लशी एमवरूनच बांधल्या, माणसांत चाचण्याही झाल्या.

आणि लस द्यायची कशी, हेही आत्ताच लिहून ठेवा. साध्या सुईने डीएनए फारच थोडं पेशीत शिरतं. म्हणून विजेचे हलके झटके देतात किंवा सुईविना जेटने देतात. आपली कोविडवरची झायकोव्ह-डी, ऑगस्ट २०२१ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मंजूर झालेली माणसांसाठीची पहिली डीएनए लस, जेटनेच द्यायची होती, तीन डोस.

पंचगंगाकाठ :
खूप आभार, दादा! मग हंटान आणि प्युमाला एकाच डोसात मिसळले तर?

सूक्ष्मदर्शी :
तसं करून पाहिलं तेव्हा एकाची प्रतिपिंडं दबली. वेगवेगळ्या जागी दिल्यावर दोन्ही आली. आधी एकटा हंटान नीट बसवा.