कंपोस्टचा अर्क पालेभाजीवर फवारताना काय काळजी घ्यावी?

प्रश्न (गच्चीवरची बाग, पुणे):
नमस्कार. ओल्या कचऱ्यापासून घरीच केलेले कंपोस्ट फडक्याच्या पुरचुंडीत बांधून मी वीस लिटर पाण्यात बुडवतो, त्यात मूठभर गूळ घालतो आणि माशांच्या टाकीचा हवेचा पंप चोवीस तास चालवून तयार झालेला अर्क मेथी, पालक व टोमॅटोवर फवारतो. रोपांना तो मानवलेला दिसतो. मागच्या रविवारी मात्र नोझल तुंबले, ते मी सवयीने तोंडाने फुंकून मोकळे केले आणि पुढचे दोन दिवस पोट बिघडले. दोन्हींचा संबंध असेलच असे नाही, पण शंका जात नाही. आईला दमा आहे आणि फवारणीच्या वेळी ती बहुधा गच्चीवरच बसलेली असते. अर्क रासायनिक नाही, एवढ्यावर निर्धास्त राहावे का?

उत्तर १ (भाजीपाला उत्पादक, जुन्नर तालुका):
नोझल कधीही तोंडाने फुंकू नये, मग फवारणीच्या पंपात काहीही असो. ते खोलून जुन्या टूथब्रशने घासावे. अर्क दुपदरी सुती फडक्यातून गाळून घेतला, तर ते सहसा तुंबतच नाही. वारा पडलेला असताना, वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. तुषार धुक्यासारखे बारीक न ठेवता जाड ठेवावेत, म्हणजे ते पानावर बसतात, नाकात जात नाहीत. पंप मात्र स्वतंत्र हवा. आमच्याकडे एकदा टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून टोमॅटोवर वापरला आणि आठवड्यात शेंडे पिळवटले.

उत्तर २ (सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त अध्यापिका, नाशिक):
पंपाइतकेच लक्ष गुळाकडे द्यायला हवे. उपयुक्त जिवाणू वाढावेत म्हणून आपण गूळ घालतो. परंतु कंपोस्टमध्ये साल्मोनेला किंवा घातक प्रकारचा ई. कोलाय असा पोट बिघडवणारा जिवाणू थोडासा जरी शिल्लक असेल, तर त्याच गुळावर तोही वाढू शकतो, आणि नुसती हवा खेळवल्याने त्याला आळा बसेल याची खात्री नसते. मोठ्या ढिगात ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान काही दिवस टिकले की असे बहुतेक जंतू मरतात. घरातल्या बादलीएवढ्या कंपोस्टला इतकी ऊब क्वचितच चढते. संध्याकाळी फवारा, उन्हात जिवाणू मरतात, हा सल्ला आपण सगळेच देतो, पण त्या सावलीचा फायदा नको असलेल्या जिवाणूंनाही मिळतो.

अमेरिकेत सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांनुसार कच्चे शेण घातल्यापासून काढणीपर्यंत, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस आणि लागत नसेल तर ९० दिवस जावे लागतात. तेथील राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या कार्यगटाने २००४ मध्ये, पोषकद्रव्ये घातलेला आणि न तपासलेला अर्कही याच अंतराने वापरावा, अशी शिफारस केली होती. आपली मेथी महिनाभरात ताटात येते; तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

उत्तर ३ (शेतकरी, कोल्हापूर):
हे जरा अतीच होते आहे. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन कालवून आम्ही जीवामृत करतो, तेही उघड्या हातांनी. कोणी आजारी पडलेले नाही.

उत्तर २ चे पुढे:
आपले म्हणणे मी मोडीत काढत नाही. पण जीवामृत पाण्यासोबत उसाच्या सरीत सोडणे वेगळे आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीवर शिंपडणे वेगळे. हाताला चीर असेल तर रबरी हातमोजे घालावेत आणि शेवटी साबणाने हात धुवावेत, एवढे तरी आपणही करावे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. हवेच्या नळीत बोट घातले, तर आत बुळबुळीत थर लागला. ती आज फेकून दिली. पालेभाज्यांवरची फवारणी आणि गूळ, दोन्ही बंद करतो. टोमॅटोला मात्र फळे धरली आहेत. त्यांचे काय करावे?

उत्तर १ चे पुढे:
अर्क मुळाशी ओता, पानाफळांना लागू देऊ नका. पूर्वी फवारलेली फळे वाहत्या पाण्यात चोळून धुवा आणि सध्या शिजवूनच खा. ओतताना आईंना खाली घरात बसू द्या.