‘क्वारंटाइन’ला मराठीत काय म्हणावं? आणि ती फाइल जाते कुठे?

पंचवटीकर: घरच्या संगणकावर डिफेंडरची (विंडोजमधल्या अँटिव्हायरसची) सूचना आली, ‘थ्रेट क्वारंटाइन्ड’. करोनाकाळातलं ‘विलगीकरण’ इथे चालेल का? फाइल खोडली गेली, असा अर्थ घ्यायचा का?

गंगापूररोडकर: खोडली गेलेली नाही. डिफेंडर ती मूळ जागेवरून उचलतो, कूटबद्ध करतो आणि सी ड्राइव्हच्या ‘प्रोग्रामडेटा’मधल्या आपल्या फोल्डरात ठेवतो. तिथून ती चालत नाही, पण ‘रिस्टोअर’ दाबलं की जशीच्या तशी परत येते. ‘विलगीकरण’ चुकीचं नाही, पण मला ‘अटकेत’ जास्त पटतं: संशय आहे, हालचाल बंद आहे, निकाल बाकी आहे. ‘रिमूव्ह’ म्हणजे कायमची काढली. खरा घोळ ‘अलाउ ऑन डिव्हाइस’चा आहे. त्याचा अर्थ ‘एकदा जाऊ दे’ असा नाही, ‘यापुढे हिला धरू नकोस’ असा आहे. क्रॅक केलेल्या, म्हणजे परवाना तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरसोबतच्या सूचनांमध्ये हेच बटण दाबायला सांगतात, ते उगाच नाही.

सातपूरवाला: एमजी रोडच्या दुरुस्ती काउंटरवर सगळ्यालाच ‘व्हायरस’ म्हणतात. बोलण्यापुरतं ठीक, पण उपाय ठरवायला डिफेंडरच्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त जाऊन पूर्ण नाव वाचा. अपूर्णविरामाआधीचा (:) शब्द म्हणजे जात: ट्रोजन, वर्म, हॅकटूल, पीयूए (बहुधा नकोसं असलेलं सॉफ्टवेअर). पुढे प्लॅटफॉर्म (ते कशावर चालतं), तिरकी रेघ, मग घराण्याचं नाव. शेवटी उद्गारचिन्ह आणि ‘एमएल’ असेल तर फाइल मशीन लर्निंगच्या अंदाजाने पकडलेली असते. अशा वेळी चुकून धरपकड झाल्याची शक्यता जास्त. तरी फाइल अधिकृत साइटवरून घेतलेली नसेल तर सोडू नका.

व्हायरस दुसऱ्या फायलींत शिरून पसरतो, वर्म स्वतःच्या प्रती काढत फिरतो. ट्रोजन यातलं काही करत नाही, तुम्हीच त्याला कामाचा समजून चालवता. रीस्टार्टनंतर तेच नाव पुन्हा दिसलं, तर त्याला परत आणणारं दुसरं काहीतरी आत आहे. स्टार्टअपची यादी आणि टास्क शेड्युलर बघा, आपोआप चालणारे प्रोग्राम तिथे दिसतात.

पंचवटीकर: मग क्रम काय ठेवायचा?

सातपूरवाला: आधी वायफाय बंद. फुल स्कॅन. मग उघडं काम सेव्ह करून ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे मालवेअरला (घातक सॉफ्टवेअरला) लपायला जागा राहत नाही. साधारण 15 मिनिटं लागतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.

पासवर्ड त्याच संगणकावरून बदलू नका, नवाही चोरीला जाईल. फोनवरून बदला, पहिला ईमेलचा, मग बँकेचा. ‘सगळीकडून साइन आउट’ही करा, कारण माहिती चोरणारे ट्रोजन ब्राउझरच्या कुकीज (लॉगिन चालू ठेवणाऱ्या नोंदी) उचलतात आणि त्यांना पासवर्ड लागतच नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

गंगापूररोडकर: ‘फॉरमॅट मारणे’ या वाक्प्रचारावरही बोलायला हवं. ‘पीसी फॉरमॅट मारून दिला’ याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह पुसून विंडोज टाकलं, एवढाच असतो. डी ड्राइव्हवर तोच क्रॅकचा इन्स्टॉलर पडून असतो आणि कोणीतरी तो पुन्हा चालवतं.

सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या साइटवर मोफत साफसफाईची साधनं मिळतात. ‘साफ करणे’ हा शब्द तिथे चपखल बसलाय.

नाशिकरोडकर: ‘वर्म’ देवनागरीत लिहिताना जपून. आपल्याकडे ‘वर्मावर बोट ठेवणे’ आहे. लेखात ‘कृमी’ लिहावं.

पंचवटीकर: आणि झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात, ते काय?

सातपूरवाला: त्याला म्हणतात ‘शॉर्टकट व्हायरस’, पण जातीने तो कृमीच. मूळ फोल्डर तिथेच असतात, फक्त लपवलेले. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट चालते, मग फोल्डर उघडतो, म्हणून संशय येत नाही. आधी पेनड्राइव्ह स्कॅन करा, शॉर्टकट खोडा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘अ‍ॅट्रिब’ आज्ञेला वजा एच, वजा आर, वजा एस लावून ‘हिडन’, ‘रीड-ओन्ली’ आणि ‘सिस्टिम’ या खुणा काढा. ‘हिडन आयटेम्स’वर नुसती टिक करून भागत नाही. सिस्टिमची खूण असलेले फोल्डर तरीही दिसत नाहीत, आणि ‘डेटा उडाला’ म्हणून लोक पेनड्राइव्हच फॉरमॅट मारतात.