मदत हवी आहे: विंड टनेलमध्ये मॉडेलच्या खिडकीतून जाणारी हवा मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. आमच्या सोलापुरातल्या यंत्रमागाच्या शेडचं १:५० मॉडेल विंड टनेलसाठी (पंख्याने वारा सोडून मॉडेल तपासायचा बोगदा) केलंय. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, त्यात मागांची उष्णता, आणि हवा कोरडी झाली की सूत तुटतं म्हणून मालक खिडक्याच उघडू देत नाहीत! तो वाद वेगळा. मला एवढंच बघायचंय, उघडल्या तर हवा किती खेळेल.

खिडक्या बंद ठेवून भिंतींवरचा दाब मोजलाय. दाबातला फरक घ्यायचा, डिस्चार्ज कोइफिशंट (प्रत्यक्ष प्रवाह आणि आदर्श प्रवाह यांचं गुणोत्तर) ०.६ धरायचा, प्रवाह काढायचा, ही नेहमीची रीत. लहान झरोक्यांना ती चालते. इथे खिडक्या भिंतीच्या पाव भाग आहेत. समोरून वारा आला की झोत आत विरतच नाही, पलीकडच्या खिडकीतून आरपार जातो. वारा तिरका झाला की ०.६ सुद्धा टिकत नाही.

हॉट वायर प्रोब (तापलेली तार वाऱ्याने किती थंड होते त्यावरून वेग मोजणारा) आहे, पण हवा आत येतेय की बाहेर जातेय हे त्याला कळत नाही. खिडकीच्या कडेला तर दोन्ही चालू असतं.

म्हणून ट्रेसर गॅस (हवेत मिसळणारा, ज्याचं प्रमाण मोजून हवेचा प्रवाह काढता येतो असा वायू) ठरावीक दराने आत सोडायचा विचार आहे. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तळाशी बसेल का? मिसळायला पंखा लावला तर प्रवाहच बिघडेल. नमुना बाहेर जाणाऱ्या खिडकीत घ्यावा की आत चार-पाच ठिकाणी?

कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. सिम्युलेशन कर, हा सल्ला सरांनी दिलाय, पण ते पडताळायला आकडे लागतातच ना.