लिग्निन केवळ मजबुतीसाठी असते का?

पर्णिका:
नमस्कार. फिनॉलिक संयुगांचा (बेंझिन वलयाला हायड्रॉक्सिल गट जोडलेल्या वनस्पती-रसायनांचा) अभ्यास करताना दोन ठिकाणी अडले आहे. पाठ्यपुस्तकांत ही संयुगे ‘दुय्यम चयापचयी पदार्थ’ (मूलभूत वाढीसाठी थेट न लागणारे) म्हणून येतात आणि त्यांपासून बनणाऱ्या, पेशीभित्तिकांत साठणाऱ्या लिग्निन या चिवट पदार्थाचे काम ‘खोडाला मजबुती देणे’ एवढ्यावरच आटोपते. पण ताकद सेल्युलोजच्या तंतूंतही असते. मग लाकडाच्या कोरड्या वजनाचा साधारण २० ते ३० टक्के भाग लिग्निनचा का असावा? शिवाय फिनॉलिक संयुगे सूक्ष्मजीवांना घातक ठरतात, तर ती बनवणाऱ्या पेशीला इजा का होत नाही?

दारुका:
सेल्युलोजचे तंतू ओढ उत्तम सोसतात, दाबाखाली मात्र ते वाकतात. पानांतून बाष्पोत्सर्जन होत असताना जलवाहिन्यांतील पाण्याचा स्तंभ वर ओढला जातो, त्यामुळे आतला दाब ऋण होतो आणि वाहिनीच्या भित्ती आतल्या बाजूला खेचल्या जातात. तंतूंमधली जागा भरून हा ताण पेलण्याचे काम लिग्निन करते. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीच्या ज्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) रोपांत लिग्निन फार कमी बनते, त्यांच्या वाहिन्या आत दबून चपट्या होतात. लिग्निन जलविरोधी असल्याने पाणी भित्तीत मुरण्याऐवजी पुढे वाहते, हा त्याचा तितकाच मोलाचा गुण मला वाटतो. मॉसमध्ये खरे लिग्निन नसते आणि मॉस जमिनीलगतच राहते, हे या संदर्भात लक्षात घ्यावे.

‘दुय्यम’ म्हणजे कमी महत्त्वाचे, असा माझाही बराच काळ गैरसमज झाला होता; पण ही संयुगे कशी बनतात ते पाहा. फिनाइलअलानिन या अमिनो आम्लातून अमोनिया निघून सिनॅमिक आम्ल बनते. तिथून एक वाट फ्लेव्होनॉइड या फिनॉलिक संयुगांच्या गटाकडे जाते, तर दुसरी कोनिफेरिल, सिनॅपिल आणि कूमारिल या तीन अल्कोहोलांकडे. ही अल्कोहोले पेशीभित्तिकेत पोहोचल्यावर पेरॉक्सिडेझ आणि लॅकेझ ही विकरे (एन्झाइम) त्यांचे मुक्तमूलक (अतिक्रियाशील रेणू) बनवतात व ते एकमेकांना जोडले जाऊन लिग्निन तयार होते. जोडण्या अनेक प्रकारच्या असल्यामुळे ते कुजवणे फार थोड्या जीवांना साधते, त्यात पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशा प्रमुख आहेत.

हरितकण:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पेशीतील जागेच्या वाटणीत आहे. विरघळणारी बरीच फिनॉलिक संयुगे शर्करेशी जोडून रिक्तिकेत (पेशीतील द्रवाने भरलेल्या पिशवीत) साठवली जातात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ हे विकर बहुधा प्लास्टिडांत (हरितलवकांसारख्या पेशीअंगकांत) असते. कीटकाच्या चाव्याने पेशी फुटली की दोघांची गाठ पडते, क्विनोन ही क्रियाशील संयुगे बनतात आणि ते प्रथिनांना चिकटून पचन अवघड करतात. कापलेले सफरचंद तपकिरी पडते ते याच अभिक्रियेमुळे.

मात्र या संयुगांकडे केवळ विष म्हणून पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाह्यत्वचेतील फ्लेव्होनॉइड अतिनील किरणे शोषून घेतात. शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांतून स्रवणारी फ्लेव्होनॉइड रायझोबियम या नत्र स्थिर करणाऱ्या जीवाणूला गाठी तयार करण्याचा संकेत देतात. उलट, जखमेतून पाझरणारे ॲसिटोसिरिंगोन हे फिनॉलिक संयुग ओळखून ॲग्रोबॅक्टेरियम हा रोगकारक जीवाणू आपली संसर्गाची जनुके जागी करतो, म्हणजे वनस्पतीचे रसायन येथे शत्रूच्या उपयोगी पडते.

पर्णिका:
दोघांचेही मनापासून आभार. प्रयोगशाळेत खोडाच्या छेदाला फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल लावल्यावर जलवाहिन्या लालसर गुलाबी दिसल्या. रंग जितका गडद तितके लिग्निन अधिक, असे लिहिले तर चालेल का?

दारुका:
असे लिहू नये. तो रंग मुख्यतः लिग्निनमधील सिनॅमाल्डिहाइड गटांमुळे येतो, त्यामुळे त्यावरून लिग्निनची जागा कळते, प्रमाण खात्रीने कळत नाही. प्रमाण हवे असल्यास ॲसिटिल ब्रोमाइड पद्धतीने मोजावे आणि छेदाचे छायाचित्र सोबत जोडावे.