बिअर : बाटली की कॅन?

कॅनमधल्या बिअरला धातूची चव लागते, हा नेहमी घेतला जाणारा आक्षेप मला पटत नाही. कॅनच्या आतल्या बाजूला पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे बिअर अ‍ॅल्युमिनियमला टेकतच नाही. जी चव जाणवते ती बहुधा कॅनलाच ओठ लावून प्यायल्याची असते. ग्लासात ओतून घेतली की तो प्रश्न मिटतो.

खरा मुद्दा प्रकाशाचा आहे. हॉप्समधून (बिअरला कडवटपणा देणाऱ्या एका वेलीच्या फुलांमधून) आलेल्या कडू घटकांवर अतिनील किंवा निळा प्रकाश पडला, की बिअरमधील रायबोफ्लेविनच्या (ब-2 जीवनसत्त्वाच्या) साहाय्याने त्यांचे विघटन होऊन थायॉल नावाचे गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बूच उघडताच उग्र दर्प नाकात शिरतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी त्याहून पुष्कळ कमी, आणि पारदर्शक काचेबद्दल तर बोलायलाच नको. म्हणूनच मिलर या अमेरिकन ब्रँडसारख्या पारदर्शक बाटलीतल्या बिअरसाठी प्रकाशाला दाद न देणारा, प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरला जातो. आपल्याकडे कित्येक दुकानांत बाटल्या काचेच्या फ्रिजमध्ये दिव्यांच्या झगमगाटात मांडलेल्या असतात, हे पाहता हिरव्या बाटलीऐवजी कॅन घेणेच शहाणपणाचे.

शिवाय बाटलीच्या बुचातून प्राणवायू अगदी सूक्ष्म प्रमाणात का होईना, पण आत शिरतो. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवल्या जाणाऱ्या बेल्जियन बिअरची गोष्ट निराळी; तिला बाटलीच बरी, कारण तिथला वाढीव दाब पेलायला जाड काच लागते. आपली 650 मिलीची तपकिरी बाटली धुऊन पुन्हा भरता येते, एवढा एक गुण मात्र कॅनमध्ये नाही.