उत्तेजक, अमली पदार्थ आणि हौशी खेळाला लागणारा बट्टा

मंडळी, एका शब्दाचा घोळ बरेच दिवस डोक्यात आहे. खेळाडू डोपिंगमध्ये (म्हणजे बंदी असलेलं द्रव्य घेतल्याबद्दल) सापडला की बातमीत कधी ‘उत्तेजक सेवन’ असतं, कधी ‘अमली पदार्थ’, कधी सरळ ‘ड्रग्ज’, आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं एकच. आता उत्तेजक म्हणजे अंगात जोर आणणारं आणि अमली म्हणजे अंमल चढवणारं, पहिल्यात समोरच्याला फसवलंय, दुसऱ्यात पोराने स्वतःचीच वाट लावलीय. हौशी खेळाला या घोळाचा फटका जास्त बसतो कारण तिथे बाजू मांडायला मॅनेजर नाही की वकील नाही, एकाचं नाव आलं की लोक ‘तिथली पोरं नशाच करतात’ म्हणून मोकळे होतात आणि आईबाप मुलांना पाठवायचं बंद करतात. मग नेमका शब्द कुठला वापरावा?

प्रतिसाद:
‘उत्तेजक’ तर निम्म्या वेळा चूकच. ऑलिंपिकमध्ये डोपिंगसाठी बाद झालेला पहिला खेळाडू म्हणजे स्वीडनचा हान्स-गुन्नार लिलयेनवाल, 1968, मेक्सिको, मॉडर्न पेंटॅथलॉन (पाच खेळ मिळून एक स्पर्धा, त्यात नेमबाजीही). सापडलं काय, तर दारू! पिस्तूल शूटिंगच्या आधी हात थरथरू नये म्हणून बिअर घेतली असं त्याचं म्हणणं, आणि अख्ख्या टीमचं ब्राँझ गेलं. 2008 ला बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू या नेमबाजाची दोन मेडल्स गेली ती प्रोप्रॅनोलॉलमुळे, ते हृदयाचे ठोके कमी करतं, उत्तेजनाच्या बरोब्बर उलटं. आणि लघवी वाढवणारी औषधं तर नुसती दुसरं औषध लपवायला किंवा वजन उतरवायला घेतात. त्यामुळे ‘प्रतिबंधित द्रव्य’ म्हणा, लांबलचक आहे पण खरं आहे.

प्रतिसाद:
+१. आणि ‘औषध’ हा शब्द विसरू नका. 2000 ला सिडनीत रोमानियाची आंद्रेया रादुकान, जेमतेम 16 वर्षांची जिम्नॅस्ट, टीमच्या डॉक्टरने सर्दीची गोळी दिली, त्यात स्यूडोएफेड्रिन हे तेव्हा बंदी असलेलं द्रव्य निघालं आणि ऑल-अराउंडचं (सगळे प्रकार मिळून) गोल्ड काढून घेतलं. तिच्यावर बंदी घातली नाही, बाकीची मेडल्सही राहिली, म्हणजे मुलगी लबाड नाही हे सगळ्यांना कळत होतं. अशा पोरीसाठी ‘ड्रग्ज घेताना पकडली’ हे वाक्य कुणी लिहिलं तर माझा जीव तुटतो. हौशी खेळाडूला तर टीमचा डॉक्टरही नसतो, तो दुकानातून गोळी आणतो किंवा जिममधला कुणीतरी देतो तो पावडरचा डबा घेतो, आणि डब्यावर सगळं लिहिलेलं असतंच असं नाही.

धागाकर्ता:
अगदी. माझा मुद्दा खेळाचं नाव खराब होण्याबद्दल आहे म्हणून अजून एक देतो. स्नोबोर्डिंग (एका फळीवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरत येणं) ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं 1998 ला नागानोत, आणि त्या खेळाचं पहिलंच गोल्ड जिंकणाऱ्या कॅनडाच्या रॉस रेबाग्लियातीच्या टेस्टमध्ये गांजाचा अंश निघाला. मेडल काढलं, मग अपिलात परत दिलं कारण तेव्हा गांजा ऑलिंपिक समितीच्या बंदीच्या यादीतच नव्हता. पण गांजा ओढून कुणी उतारावरून जास्त वेगात येतं का हो? तरी त्या नव्या खेळाच्या पहिल्या गोल्डची चर्चा गांजाचीच झाली. आता ‘वाडा’ने (डोपिंगविरोधी जागतिक संस्था) 2021 च्या संहितेत हा फरक मानलाय, कोकेन, हेरॉइन, एक्स्टसी, गांजातलं टीएचसी यांचा वेगळा गट केला, स्पर्धेच्या काळाबाहेर घेतलं आणि खेळाशी संबंध नाही हे दाखवता आलं तर बंदी 3 महिने, उपचार पूर्ण केले तर 1 महिन्यापर्यंत खाली. तिथे फरक करतात मग आपण लिहिताना का नाही करायचा?

प्रतिसाद:
शब्दाचा फरक मान्य, पण हौशी खेळाची अब्रू डोपिंगपेक्षा रोजच्या वागण्यानेच जास्त जाते असं माझं ठाम मत आहे, पंचाच्या अंगावर धावून जाणं, शिव्या, हरल्यावर हात न मिळवता निघून जाणं, हे प्रत्येक मॅचला दिसतं आणि लहान पोरं रेषेबाहेर उभी राहून बघत असतात. त्यावर बातमी येते ‘स्पर्धेला गालबोट लागले’. हा शब्द मला खटकतो. गालबोट म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लावलेला काळा ठिपका, बाकी चेहरा गोडच. पंचाला मारहाण झाली तर तो ठिपका नाही. तिथे ‘बट्टा’ बरोबर, नाणं बदलून घेताना किमतीत जी तूट सोसावी लागायची तो बट्टा, म्हणजे नावाची किंमतच उतरली.

प्रतिसाद:
बट्टा एकदम पटला! आणि ‘हौशी’चं पण बघा, मूळ अर्थ आवडीने करणारा, पण आता ‘हौशी काम’ म्हणजे कच्चं, कसंतरी केलेलं. एकेकाळी ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं, आणि याच शब्दापायी अमेरिकेच्या जिम थॉर्पची 1912 ची दोन गोल्ड मेडल्स गेली, का तर आधी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतलेले. 1982 ला ऑलिंपिक समितीने ती परत द्यायचं ठरवलं, पण तो 1953 लाच वारला होता. तेव्हा पैसा घेणं हा डाग होता, आज तो नियम राहिला नाही.

धागाकर्ता:
मग मी असं लिहीन: टेस्टमध्ये काय सापडलं ते नावानिशी, कामगिरी वाढवायला घेतलं असेल तर डोपिंग, व्यसन असेल तर व्यसन, आणि चौकशी चालू असेल तर नुसतं ‘प्रतिबंधित द्रव्य आढळले’, ‘दोषी’ नाही. मैदानातल्या वागण्याला ‘गैरवर्तन’, डोपिंगच्या बातमीत ते मिसळायचं नाही. ‘उत्तेजक’ फक्त ॲम्फेटामिनसारख्या खरोखर उत्तेजक असलेल्यांना, कारण स्टेरॉइडलाही तो शब्द नीट बसत नाही, ते स्नायू वाढवतं.