घोडीचा पुढचा पाय टेकत नाही, खुरात पू झाला असेल का?

पारडीचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वरातीची घोडी आहे, सात वर्षांची, नागपुरात पारडी भागात घरामागेच बांधतो. पोळ्याला, म्हणजे मारबतीच्या आदल्या दिवशी, तिचे नाल बदलले. त्यानंतर काही दिवस ठीक चालली. काल सकाळी पाहतो तर पुढचा उजवा पाय टेकवतच नाही, नुसतं खुराचं टोक जमिनीला लावून उभी. पायावर सूज नाही, जखम नाही, काच-खिळा रुतलेला दिसत नाही. उजवा खूर डाव्यापेक्षा गरम लागतो. चारा तोंडात घेते आणि अर्ध्यावर सोडते.

वस्तीत जनावरांना सुई टोचणारा एक जण आहे, तो म्हणाला हाड मोडलं असेल, आणि दुखण्याचं इंजेक्शन देऊन गेला. संध्याकाळी बऱ्यापैकी चालली, रात्री पुन्हा तेच. बाबा म्हणतात मुरगळला असेल, तेलानं चोळ. मोठे काका म्हणतात बिब्बा भाजून तळव्यात भर. दसऱ्याच्या मिरवणुकीची सुपारी घेऊन ठेवली आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

वाडीकर

आमच्या बैलाच्या खुरीत जखम झाली होती तेव्हा बिब्ब्यानंच बरी झाली. करून पाहायला हरकत नाही.

कामठीचा_टांगेवाला

हरकत आहे भाऊ. बिब्ब्याचं तेल माणसाच्या कातडीवर सांडलं तरी फोड येतात. आणि बैलाचा खूर दुभंगलेला, तिथली जखम बहुतेक उघड्यावर असते. घोड्याचा खूर अखंड, आत काय शिजून राहिलं ते बाहेर दिसत नाही. बैलाचा उपाय घोड्याला लावू नका.

पोट्ट्या, तू लिहिलं त्यावरून मला तर पूच वाटून राहिला. घरी टांगे होते तोवर दर पावसाळ्यात असं एखादं घोडं असायचंच. रात्री चांगलं बांधलेलं, सकाळी तीन पायांवर उभं, आणि मालक रडकुंडीला येऊन सांगे, हाड गेलं. वरून खुराची भिंत कडक, खालून तळवा कडक, मधात साठलेल्या पुवाला पसरायला जागाच नाही. आपल्या नखाखाली पिकलं की रात्रभर ठणकतं ना, तसं. फक्त हिला त्यावर साडेतीन-चार क्विंटल अंग तोलायचं असतं.

आता एक कर. खुराच्या वर जो सांधा आहे त्याच्या मागच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी, दोन बोटं हलकी ठेव. चांगल्या पायात नाडी शोधावी लागते. पू असला की ती बोटाला सरळ टकटक लागते. मग डाव्या पायाची पाहा, फरक तुलाच कळेल.

नाल बदलल्यावर थोड्याच दिवसांत लंगडली म्हणजे पहिला संशय खिळ्यावर. नालबंदाला बोलव, पण भांडायला नाही, कामाला. चांगल्या हातूनही एखादा खिळा आतल्या जिवंत भागाजवळ जातो, विशेष करून खुराची भिंत पातळ असली तर. नाल एका झटक्यात उचकटू देऊ नको. बाहेर वळवलेली टोकं सरळ करायची आणि एकेक खिळा वेगळा ओढायचा. निघालेला प्रत्येक खिळा पाहायचा, नाकाजवळ न्यायचा. कोरडा असला तर पुढचा. ओला, काळपट, घाण वासाचा निघाला की जागा सापडली. कधी कधी त्या भोकातूनच काळं पाणी येतं आणि घोडी तिथल्या तिथे पाय टेकवते.

खिळे सगळे कोरडे निघाले तर मग पावसाचं काम. आपल्याकडे आठ दिवस काळ्या मातीचा चिखल, मग दोन दिवस कडक ऊन. खूर भिजून फुगतो, वाळून आकसतो. तळवा आणि भिंत जुळतात तिथे पांढरी रेघ असते, ती सैल पडते, त्यात बारीक खडा शिरतो आणि खड्यामागून मूत-लिदीची घाण. नालबंदाच्या चिमट्यानं कडेकडेनं दाबत जायचं. ज्या जागी घोडी पाय हिसकावेल तिथे तळवा थोडा साफ करून काळा ठिपका किंवा रेघ दिसते का पाहायचं आणि तिच्यामागे जायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भोक बारीकच पाहिजे. पू वाहायला लागला की सुरी खाली ठेवायची. उत्साहात रुपयाएवढा खड्डा केला तर आतलं मऊ मांस त्यातून बाहेर डोकावतं, आणि आठवड्याभराचं काम महिन्यावर जातं. पुवापेक्षा सुरीनं लंगडी झालेली घोडी मी जास्त पाहिली आहेत. जागा सापडलीच नाही तर कोरत बसू नका, पोटीस बांधा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबून पाहा. काही वेळा पू वर चढून केस आणि खूर मिळतात त्या कडेला फुटतो. त्यानंही आराम पडतो, पण तोवर जनावराचे हाल होतात.

पोटीस म्हणजे गव्हाचा कोंडा, मूठभर एप्सम सॉल्ट आणि कोमट पाणी, लाडू वळता येईल इतकं घट्ट. तळव्यावर थापायचं, वरून लहान मुलाचं डायपर, मग पट्टी, आणि खाली रुंद चिकटपट्टीचे तीन-चार थर, नाहीतर तासाभरात फाटते. चिकटपट्टी खुरावरच ठेव, वर कातडीवर आवळायची नाही. पट्टी रोज बदल. त्याआधी कोमट पाण्यात तेच मीठ घालून पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवून ठेव, घमेलं रबराचं घे, लोखंडी असलं की ती लाथेनं उडवते. संत्र्याच्या झाडांना कृषी केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणतात ते मीठ हेच, पण ते खताचं. मी मेडिकलमधलंच घेतो.

आणि चणे कमी कर. उभ्या घोड्याला कामाचा खुराक चारला की दुसरंच दुखणं सुरू होतं.

काटोल_पशुवैद्य

काकांनी लिहिलेलं बहुतेक बरोबर आहे. माझे तीन मुद्दे.

धनुर्वात. पाळीव जनावरांत घोड्याला त्याचा धोका सगळ्यात जास्त, आणि त्याचे जंतू मातीत, लिदीत असतातच. खुरातली बंद, घाण जखम त्यांना हवीच असते. घोडीला या वर्षी धनुर्वाताची लस दिली होती का? दिली नसेल किंवा आठवत नसेल तर आजच डॉक्टरांकडून घ्या, पू निघायची वाट पाहू नका. अंग ताठणं, जबडा न उघडणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून पडदा पुढे येणं ही लक्षणं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

दुसरं, कोणतं इंजेक्शन दिलं ते त्या माणसाला विचारा. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला 2006 पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही 2023 मध्ये बंदी आली. तरी माणसांच्या बाटल्या सर्रास वापरतात. वेदनाशामक देऊच नये असं माझं म्हणणं नाही, तीन पायांवर उभ्या जनावराला आराम मिळायलाच हवा. पण आधी खूर तपासायचा, मग औषध, आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. नाहीतर घोडी चालायला लागते, घरच्यांना वाटतं बरी झाली, आणि पू आत वाढत राहतो. अँटिबायोटिकही खुरातल्या बंद पुवापर्यंत नीट पोहोचत नाही, वाट मोकळी करणं हाच खरा इलाज.

तिसरं. पू निघून दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, सूज सांध्याच्या वर चढली, किंवा ताप 101.5 फॅरनहाइटच्या वर गेला, तर घोडी गाडीत घालून सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात न्या. तेव्हा एक्स-रे काढून आतल्या हाडापर्यंत काही गेलं आहे का ते पाहावं लागतं. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागात खिळा घुसलेला दिसला तर तो उपसू नका. खिळा जागेवर असताना एक्स-रे काढला की किती खोल गेला ते समजतं.

कामठीचा_टांगेवाला

डॉक्टरसाहेब, सुईबद्दल तुमचं खरं. मी चिडतो ते पहिली सुई आणि मग तपासणी या उलट्या रीतीवर.

पारडीचा_पोट्टा

काका, नाडी उजव्या पायाला जोरात लागत होती, डाव्याला सापडतच नव्हती. नालबंद आले. बाहेरच्या बाजूचा मागून दुसरा खिळा ओला निघाला, भयंकर वास, आणि मागोमाग राखाडी-काळं पाणी. त्यांनी भोक थोडंसं मोकळं केलं आणि थांबले. संध्याकाळी घोडीनं पूर्ण पाय टेकवला. लस दिली की नाही कोणालाच आठवेना, म्हणून डॉक्टरांना बोलावून धनुर्वाताचं करून घेतलं. इंजेक्शन कोणतं होतं ते तो माणूस सांगत नाही, बाटली फेकली म्हणतो. पोटीस चालू आहे. बिब्ब्याचं नाव काढलं की मोठे काका अजून रुसतात.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोटीस किती दिवस बांधायचं? आणि दसऱ्याचं काय करू?

कामठीचा_टांगेवाला

पट्टीवर ओल येणं थांबलं की पोटीसही बंद. जास्त दिवस भिजवलं तर तळवा लोण्यासारखा होतो आणि साधा खडाही टोचतो. त्यानंतर कोरडी पट्टी, भोकात पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा, आणि पायाखाली कोरडी जागा. पारडीला घरामागे पाणी साचत असेल तर मुरूम टाकून जागा उंच कर, वर भुसा. लीद दोन वेळा उचल. पट्टी काढायची घाई करू नको, भोक आतून कोरडं आणि कडक झालं पाहिजे.

दसऱ्याचं विचारशील तर, घोडी तोवर अंगणात चांगली चालेल. पण मिरवणूक म्हणजे डांबरी रस्ता, डीजे, आणि तासन् तास जागच्या जागी नाचणं. मी असतो तर सुपारी एखाद्या ओळखीच्या घोडीवाल्याकडे वळती केली असती, आपली घोडी थेट तुळशीच्या लग्नानंतर काढली असती. पैसे जातील, पण सीझन हाती राहील.

आणि नवा नाल बसवशील तेव्हा त्या खिळ्याची जागा रिकामी सोडायला सांग. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, ते भोक खाली सरकून छाटलं जाईपर्यंत तिथे खिळा नको.